सहा अक्षरांची नणंद

ड्यूटीबाईंचा राग बावीस वर्षांचा होता आणि त्याची प्रकृती त्यांच्याहून उत्तम होती. बाईंचे गुडघे कुरकुरत, रक्तदाबाची गोळी चुकली की डोके धरे, एका डोळ्याचे ऑपरेशन होऊन गेले होते. राग मात्र रोज सकाळी त्यांच्याआधी उठून तयार असे.

बाई शहराच्या बस-आगारात नोकरीला होत्या. दुसऱ्या मजल्यावर, जुन्या कागदपत्रांची खोली आणि प्रवाशांनी विसरलेल्या वस्तूंची खोली यांच्या मधोमध त्यांची खोली. पलीकडच्या भिंतीआड शंभरेक छत्र्या, एकेकटे बूट आणि एक कवळी मालकांची वाट पाहत पडलेली. अलीकडे बाई आणि त्यांचा संगणक. रोज दुपारी चार वाजता त्या संगणकातून उद्याची यादी बाहेर पडे: चारशे दहा चालकांपैकी कोणी कोणती बस, किती वाजता, कोणत्या मार्गावर न्यायची. ही यादी करणारा प्रोग्रॅम बाईंनी लिहिला होता. आगारात ही गोष्ट दोघांनाच पक्की ठाऊक होती. एक बाई आणि दुसरे साहेब.

प्रोग्रॅम पहिल्यांदा लिहिला तेव्हा बाई एकोणतीस वर्षांच्या होत्या आणि आपले काम दुसऱ्याला समजावे असे वाटण्याइतक्या भाबड्या होत्या. प्रत्येक ओळीशेजारी त्यांनी खुलासा लिहिला होता. नवा कारकूनही चहा पिता पिता वाचू शकेल अशी ती प्रत साहेबांनी, जे तेव्हा साहेब नव्हते, ‘जरा चाळतो’ म्हणून नेली. आठ दिवसांनी ती बाइंडिंग होऊन परत आली. कापडी पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत साहेबांचे नाव होते. मुख्य कार्यालयाने मानपत्र दिले आणि साहेब एक पायरी चढले. बाई तक्रार घेऊन वरच्या अधिकाऱ्याकडे गेल्या. त्याने पाच मिनिटे पाने उलटली आणि म्हणाला, “बाई, समजायला इतकं सोपं आहे हे. कोणीही लिहिलं असतं.”

पुढचे सगळे या एका वाक्यातून उगवले. सोपेपणा ही बाईंनी कष्टाने मिळवलेली गोष्ट होती आणि नेमक्या त्याच गोष्टीने त्यांची मालकी खोडून काढली होती. वाचता येते ते कोणालाही आपले म्हणता येते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो साफ चूक होता असे म्हणवत नाही. पण त्यावर त्यांनी जे उभारले त्याचा हिशेब पुढे द्यावाच लागला.

त्या सहामाहीत बाईंनी सगळा प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. काम तेच, यादी तीच. आतली वाट मात्र अशी की माणूस शिरला तर पायातल्या चपला सोडून बाहेर यावा. भाषा जुनी होती. तीत सगळी रोमन अक्षरे मोठ्या लिपीत लिहावी लागत, त्यामुळे प्रत्येक ओळ वाचणाऱ्यावर खेकसते आहे असे वाटे. बाईंनी खुलासे ठेवले, पण खोटे. जिथे ‘येथे वेळ मोजली आहे’ असे लिहिले होते तिथे काहीच मोजलेले नव्हते. जिथे खरोखर मोजली होती तिथे ‘ही ओळ अनावश्यक’ असा शेरा होता. एक ओळ दोनशेव्या ओळीकडे पाठवी, दोनशेवी सतराव्या, आणि सतरावी ‘आधी का नाही आलात’ अशा थाटात परत दोनशेव्या ओळीकडे.

आणि नावे. त्या भाषेत कोणतेही नाव सहा रोमन अक्षरांहून लांब चालत नसे. बाईंनी मोजून पाहिले: नणंद सहा अक्षरांत नेमकी बसत होती. मग बाकीचे घरही आत आले. त्या वेळी बाईंच्या सासरी अकरा माणसे एका छपराखाली नांदत होती आणि बाईंना त्या घराविषयीही काही म्हणायचे होते, जे म्हणण्याची सोय नव्हती. तेव्हा प्रोग्रॅममध्ये सासरे अखेरची मंजुरी देत, पण त्यांच्याशी कोणी थेट बोलायचे नाही, सासूमार्फतच. थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ दिवसभर दोन चालकांची तुलना करीत: याला किती रविवार, त्याला किती. दीर उरलेसुरले सगळे उचली आणि परत काही ठेवत नसे. सून सगळे काम करी आणि पडद्यावर कुठेच दिसत नसे. नणंद सर्वांत शेवटी येई आणि ठरलेले सगळे मोडून पुन्हा पहिल्यापासून करायला लावी.

बाईंच्या मनात एकच चित्र होते. कधीतरी चार लोकांसमोर साहेबांना कोणी म्हणेल, हे आपले लेखन, जरा वाचून दाखवा. आणि साहेबांना ‘हे माझे नाही’ असे तोंडाने म्हणावे लागेल. त्यासाठी त्या थांबल्या.

वाचायला जे जे आले ते हरले. एक मदतनीस बाई आठ महिन्यांत नोकरी सोडून शिवणवर्गात गेल्या. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाने दोन दिवस पडद्याकडे पाहिले आणि अहवालात ‘प्रणाली स्थिर आहे’ असे लिहून तो गेला. वाईट इतकेच की साहेबांनी यातूनही स्वतःची सोय पाहिली. “माझ्या प्रोग्रॅमची खोली भल्याभल्यांना कळत नाही,” असे ते जेवणाच्या सुट्टीत सांगत. बाईंनी रचलेल्या काटेरी कुंपणावरही त्यांनी आपल्या नावाची पाटी लावली.

मधल्या काळात चालक खिडकीशी येत. “बाई, सलग सातवा रविवार लागला मला. का ते तरी सांगा.” बाईंना कारण अर्ध्या मिनिटात सांगता आले असते. पण सांगता येते असे दिसले की प्रोग्रॅम कळणारे कोणीतरी आहे हे उघड झाले असते, आणि मग साहेबांनी त्या माणसालाही वापरून घेतले असते. म्हणून त्या म्हणत, “यंत्राला विचारा.”

अखेर चालकांनी वरपर्यंत तक्रार नेली: आमचे दिवस कोण ठरवते ते कोणालाच सांगता येत नाही. तीन जणांची समिती नेमली गेली. अध्यक्ष म्हणून निवृत्त न्यायाधीश असलेल्या एक बाई आल्या. समितीच्या पत्रात लिहिले होते: ‘प्रणालीच्या लेखकाने समितीसमोर उपस्थित राहून प्रणाली समजावून सांगावी.’

ते पत्र घेऊन साहेब सहा वर्षांनी प्रथमच छत्र्यांच्या खोलीशेजारी आले. खुर्ची पुसून बसले.

“काय म्हणतात गुडघे?”

“वाकत नाहीत.”

“हं. हे समितीचं बघितलंत ना? दोन पानं लिहून द्या मला. सोप्या भाषेत.”

“मी?” बाई म्हणाल्या. “लेखकानं समजावून सांगायचंय साहेब. मी कारकून बाई. आपण लिहिलेलं मला काय कळणार?”

साहेबांनी पत्राची घडी घातली. “इतकी वर्षं झाली बाई. अजून तेच धरून बसलात?”

“मी कुठं काय धरलंय? धरलंय ते आपण. कापडी पुठ्ठ्यात बांधून.”

साहेबांच्या कपाटातले ते बाइंडिंग आता निरुपयोगी होते. त्यातली एक ओळही चालू प्रोग्रॅममध्ये उरलेली नव्हती. साहेबांनी मग बाहेरून एक इंजिनीअर मुलगी आणली. तीन आठवड्यांत प्रोग्रॅम समजून घ्यायचा, त्याचे स्पष्टीकरण साहेबांना लिहून द्यायचे आणि नंतर सगळे नव्या भाषेत उतरवायचे, असे तिचे काम होते. टेबल बाईंच्या समोरच मांडले गेले.

मुलगी हुशार होती आणि तिची हुशारी बाईंना पहिल्या दिवसापासून खुपली. ती कुरकुर करीत नसे, हसत असे. “मॅडम, आमच्या नव्या भाषेत ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा एकानं कमी पडली तरी ती रुसून बसते. आधीच्या कंपनीतल्या भाषेत प्रत्येक ओळीला अर्धविराम लागायचा, नाहीतर घरात घेत नव्हती. तुमची ही भाषा बरी. काहीही लिहा, मुकाट्यानं चालवून घेते.”

“घेतेच,” बाई म्हणाल्या. “सोसायची सवय आहे तिला.”

पहिले चार दिवस मुलगी सुनेपाशी अडकली. रोमन लिपीतले ते तीन अक्षरी नाव पाहून तो इंग्रजीतला रविवार असावा असे तिने धरले. ड्यूटीच्या प्रोग्रॅममध्ये रविवार असणारच. पण हा रविवार सोमवारी राबत होता, मंगळवारी राबत होता आणि सुट्टी कधी घेतच नव्हता. बाई समोर बसून चष्म्यावरून पाहत आणि आतून गार होत. पाचव्या दिवशी मुलीने पेन खाली ठेवले. “मॅडम, ही सून आहे. घरातली.” मग तिने सासू ओळखली, सासरे ओळखले. दोन्ही जावा दोन दिवसांत हाती लागल्या. “यात मिस्टर कुठं दिसले नाहीत,” ती सहज म्हणाली.

“एक ओळ खर्च करावी असं त्यांनी काही केलंच नाही,” असे बाईंच्या तोंडून निघून गेले, आणि जीभ चावेपर्यंत उशीर झाला होता. मुलीने मान वर केली, बाईंकडे नीट पाहिले आणि ती पुन्हा पडद्याकडे वळली.

राहिली नणंद. शेवटी येऊन सगळे उलथवून टाकणारा तो भाग का आणि कधी चालतो, हे मुलीला उमगेना. समितीला पाच दिवस उरले असताना बाईंचा गुडघा सुजला आणि त्या दोन दिवस घरी राहिल्या. एका हजेरीपत्रकावर सही हवी म्हणून मुलगी घरी आली. दार बाईंच्या नणंदेने उघडले. सत्तरी ओलांडलेल्या वन्सं अलीकडे भावाकडेच राहायला आल्या होत्या आणि बोलायला माणूस मिळाले की सोडत नसत.

“आमची वहिनी ऑफिसात बोलते का हो कोणाशी?” त्यांनी मुलीला विचारले. “घरात तर मोजून बोलते. माझ्यावर राग फार तिचा. मी आले की ठरलेलं मोडते म्हणते. मोडते मी, खोटं कशाला सांगू. कामं वाटून झालेली असोत, पाहुणे दारात असोत. एखादं माणूस दमलेलं दिसलं की मी म्हणायची, हिला उठवा, हिचं झालंय आज, आणि वाटणी करा परत पहिल्यापासून. सगळे वैतागायचे. हीसुद्धा. बाळंतपणातून उठली आणि सगळ्यांनी हिलाच कामाला जुंपली, तेव्हाही मीच मोडलं होतं सगळं. ते नाही आठवायचं तिला.”

पलंगावर बसलेल्या बाईंना मुलीचा चेहरा दिसत होता. आठ तासांची विश्रांती. चालकाला दोन ड्यूट्यांमध्ये आठ तास मिळाले नसतील तर नणंद त्याला यादीतून उठवते आणि सगळी वाटणी पुन्हा होते. मुलीला कळले होते. बावीस वर्षे जपलेली गोष्ट वन्संनी दारातल्या गप्पांत देऊन टाकली होती.

“वन्सं,” बाई म्हणाल्या, “तुम्हाला दारातच सगळं सांगायची काय घाई असते?”

“आत ये म्हटलं तर ती येईना. मग दारात सांगितलं.”

समितीच्या आदल्या दिवशी दुपारी मुलगी वीस पानांचे स्पष्टीकरण साहेबांना देऊन जेवायला गेली. खोलीत बाई एकट्या होत्या. उद्या साहेब वाचणार, सगळे बरोबर निघणार आणि त्यांची मालकी कागदोपत्री कायमची होणार. बाईंनी नणंदेची ओळ उघडली. आठाच्या जागी दुसरा आकडा टाकला की पुरे होते. उद्या समिती खात्री करायला यादी काढील, स्पष्टीकरण एक सांगेल, यंत्र दुसरे करील आणि साहेब जागच्या जागी उघडे पडतील. आणि परवा पहाटे चार तास झोपलेला कोणी माणूस साठ प्रवासी घेऊन घाट उतरेल. बाईंचे बोट बराच वेळ त्या आकड्यावर होते. त्यांनी आकडा तसाच ठेवून पडद्यावरची खिडकी बंद केली, ती दयेने केली असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय ठरेल. आपल्या प्रोग्रॅममध्ये आपल्या हाताने चूक घालायची, हे त्यांना साहेबांहूनही असह्य वाटले.

दुसऱ्या दिवशी सभागृहात लांब टेबलापलीकडे समिती, अलीकडे साहेब, भिंतीशी चालकांचे दोन प्रतिनिधी, लघुलेखक, इंजिनीअर मुलगी आणि मागच्या खुर्चीत बाई. साहेबांनी चांगले वाचले. सून काय करते, सासूची परवानगी कुठे लागते, जावा कशाची तुलना करतात, नणंद कधी येते. सगळे कळत होते आणि सगळे बरोबर होते. बाईंना वाटले, आपले घर कोणी तरी लिलाव पुकारून विकते आहे आणि आपल्याला मागच्या रांगेत बसवले आहे.

“स्पष्ट झालं,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “एक विचारू? ही नावं अशी का?”

या प्रश्नाची तयारी साहेबांनी केलेली नव्हती. पण इतक्या वर्षांत लोकांनी त्यांचे सगळे ऐकून घेतले होते. “असं आहे मॅडम, यंत्राला नावाचं सोयरसुतक नसतं. मी माझं घर डोळ्यांसमोर ठेवलं. प्रत्येकाचा स्वभाव मला ठाऊक. तोच उतरवला.”

“म्हणजे ही नणंद तुमच्या घरातली.”

“माझीच. फार कडक बाई.”

“तुमची नणंद.”

“हो.”

“आणि या दोन जावा?”

“त्याही माझ्याच. थोरली आणि धाकटी.”

भिंतीशी बसलेल्या दोघांतले एक मिशाळ चालक पुढे वाकले. “साहेब, माझ्या लग्नाला चौतीस वर्षं झाली. मला एकसुद्धा जाऊ मिळाली नाही अजून. तुम्ही कुठून आणलीत?”

खोलीत कोणीतरी खोकले. साहेबांचा हात फायलीवर थांबला. “म्हणजे, मिसेसच्या दृष्टीनं म्हणतोय मी.”

“ठीक,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “मिसेसची नणंद म्हणजे तुमची बहीण. बहिणी किती तुम्हाला?”

“बहीण नाही मला.”

“भाऊ?”

“मी एकटाच आहे.”

“एकटेच. मग मिसेसना दीर कुठला आणि जावा कुठल्या?”

साहेबांनी पाने उलटली, जणू उत्तर विसाव्या पानावर असेल. लघुलेखकाने हळूच विचारले, “मॅडम, हेही घेऊ?”

“सगळं घ्या.” अध्यक्षबाई साहेबांकडेच पाहत होत्या. “हे लिहिणारं माणूस कोणाच्या तरी घरची सून आहे. मीही आहे, पण मी तेव्हा न्यायखात्यात होते. साहेब, हे तुम्ही लिहिलंत का?”

बाई खुर्चीच्या काठावर आल्या होत्या. साहेबांच्या ओठांची हालचाल त्यांनी आधी पाहिली आणि आवाज नंतर ऐकला.

“नाही. माझं नाही ते.”

“मोठ्यानं. लघुलेखकांना ऐकू गेलं नसेल.”

“माझं नाही.”

ती दोन मिनिटे बाईंनी पुढे कितीदा तरी मनात चालवून पाहिली आणि प्रत्येक वेळी ती तितकीच गोड लागली. इथे थांबता आले असते तर सूडासारखी सुबक गोष्ट नाही. पण अध्यक्षबाई थांबल्या नाहीत. ‘मग कोणाचं?’ या प्रश्नावर साहेबांनी वळून मागच्या खुर्चीकडे पाहिले. बाईंना उभे करून त्यांनी विचारले, “हे असं दुर्बोध मुद्दाम केलंत?”

“हो.”

“कारण?”

“आधी सोपं लिहिलं होतं. तेव्हा सांगण्यात आलं की इतकं सोपं कोणीही लिहिलं असतं. म्हणून कोणालाच लिहिता येणार नाही असं लिहिलं.”

“आणि चालक विचारायला यायचे त्यांना काय सांगितलंत?”

“यंत्राला विचारा म्हणून.”

“त्यांनी तुमचं काय केलं होतं?”

मिशाळ चालक आता हसत नव्हते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिले, आणि पाहणे जमले नाही तेव्हा टेबलाकडे पाहिले.

“काही नाही,” त्या म्हणाल्या.

बाहेर पडताना व्हरांड्यात त्यांनी मुलीला गाठले. “स्पष्टीकरणात नावं बदलून का नाही लिहिलीस? शहाणी आहेस, कळलं नसेल असं नाही.”

“बदला असं कोणी सांगितलं नव्हतं, मॅडम,” मुलगी म्हणाली आणि जिना उतरून गेली.

महिन्याभरात मुख्य कार्यालयाचे पत्र आले. साहेबांची चौकशी लागली होती आणि ते रजेवर गेले होते. बाईंना वेगळे ज्ञापन होते. आस्थापना विभागाच्या कारकुनाने ते संकोचून त्यांच्यापुढे ठेवले. ‘आपण लिहिलेल्या ड्यूटी-वाटप प्रणालीत आपण हेतुपुरस्सर दुर्बोधता आणली व चालकांना माहिती नाकारली. याबद्दल आपल्यावर ठपका ठेवण्यात येत असून त्याची नोंद सेवापुस्तकात घेण्यात येईल. वर्षभरात सदर प्रणाली सुबोध स्वरूपात पुन्हा लिहावी, व तोवर दर मंगळवारी खिडकीवर बसून चालकांच्या शंकांचे निरसन करावे.’

बाईंनी ते तीनदा वाचले. शेवटचा भाग वाचताना त्यांची मान खाली गेली. मग त्या पुन्हा पहिल्या दोन शब्दांपाशी, ‘आपण लिहिलेल्या’पाशी, आल्या आणि तिथे बराच वेळ राहिल्या.

“बाई, सात दिवस आहेत,” कारकून म्हणाला. “अर्ज केलात तर भाषा सौम्य करून मिळते. मी मसुदा करून देतो.”

“एक शब्दही हलवू नका.” त्यांनी सही केली. “दर मंगळवारी बसेन. आणि खाली ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून साहेबांचं नाव घाला. घरच्या पत्त्यावर, पोच घेऊन.”

“त्यांना कशाला? ठपका तर तुमच्यावर आहे.”

“माझ्यावर आहे, म्हणूनच.”

कारकुनाने पाकीट पुढे ओढले आणि पत्ता विचारला. बाईंनी तो कुठेही न पाहता सांगितला, मजल्यासकट.